सालूसबाईची नागपंचमी

नाणी जमवणाऱ्या माणसांकडे नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. नाणं घ्यायचं तर लिलावांवर लक्ष ठेवावं लागतं, वजनं तपासावी लागतात, घरच्यांची नजर चुकवून पार्सल उघडावं लागतं. किस्से मात्र आपोआप येतात, आणि त्यांना कप्प्यांची पेटीही लागत नाही!

आमचा कॉइन क्लब वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातला. महिन्यातून एका शनिवारी लायब्ररीच्या वरच्या खोलीत आम्ही मूठभर माणसं जमतो आणि रोमन चांदीची नाणी बघत बसतो. डिनेरियस म्हणतात त्यांना. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. एका बाजूला नाकेला बादशहा, दुसऱ्या बाजूला कुठली तरी देवी. एकीच्या हातात तराजू, दुसरीच्या हातात सुकाणू, तिसरीला पंख. रोमन लोकांना कुठलाही गुण सुचला की ते त्याची देवी करायचे आणि लगेच नाण्यावर बसवायचे. हे वाचलं तेव्हाच मला वाटलं, ही तर आपलीच माणसं!

मी अनघा. पेशानं फार्मासिस्ट, मूळची पुण्याची. क्लबात मी कशी गेले, तिथूनच सुरुवात करते.

*

आमच्या फार्मसीत कीथ नावाचे एक आजोबा ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला यायचे. ऐंशीच्या पुढचे, ताठ, आणि बारा महिने हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला. दक्षिण ध्रुवाकडचा गार वारा सुटला की आम्ही जाकिटाच्या आत जाकीट घालायचो, आणि कीथची बोटं जँडल्समधून खुशाल बाहेर!

एकदा गोळ्यांची वाट बघता बघता त्यांचं लक्ष माझ्या मागच्या भिंतीवरच्या खुणेकडे गेलं. वाटी आणि तिला वेढा घातलेला साप. फार्मसीची जगभर असते तीच.

"किया ओरा!" त्यांनी इथला माओरी नमस्कार घातला. "ही बाई कोण, माहितेय?"

"बाई कुठंय? नुसता साप आहे," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या चौकोनी पाकिटातलं एक नाणं काढून काउंटरवर ठेवलं आणि वर भिंग ठेवलं. आसनावर बसलेली एक बाई. हातात वाटी. समोर चौथऱ्यावरून वर आलेला साप. आणि ती त्या सापाला वाटीतून काहीतरी पाजतेय! सालूस, रोमन लोकांची आरोग्याची देवी. बादशहा आजारी पडून बरा झाला की हिचं नाणं पाडायचे म्हणे. कॉलेजात असताना मला वाटायचं, साप म्हणजे विषाच्या बाटलीवरची धोक्याची खूण. माझ्या डिग्रीची देवी मला भेटली ती नोकरीला लागून इतक्या वर्षांनी, आणि तीही वेलिंग्टनमध्ये!

माझा चेहरा बघून कीथ म्हणाले, "शनिवारी ये." आणि खुशीत निघून गेले. गोळ्या न्यायला आले होते आणि मेंबर घेऊन गेले. गोळ्या काउंटरवरच राहिल्या!

पुढे मी स्वतःसाठी पहिलं नाणं घेतलं ते अर्थात सालूसबाईचंच.

*

क्लबातल्या कपाटात एक रिकामी जागा आहे. तिथे कीथच्या बायकोनं विणलेला क्रोशाचा रुमाल पसरलेला असतो. बायको गेली, रुमाल राहिला. ती जागा बक्षिसाच्या कपासाठी. दर हिवाळ्यात सगळ्या क्लबांचं प्रदर्शन भरतं, एकेक क्लब एकेक काचेची पेटी मांडतो, जज येतात, आणि कप दरवेळी जातो रिकार्टनच्या क्लबाकडे. ती मंडळी आहेतही हुशार, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण कीथ दर वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात रुमाल घरी नेऊन धुऊन, इस्त्री करून परत पसरायचे, आणि दर वर्षी तो तसाच राहायचा.

"पंखवाली व्हिक्टरी दर वर्षी आपल्या पेटीत असते," कीथ म्हणायचे, "आणि विजय रिकार्टनला जातो!"

यंदा कीथ अध्यक्षपद सोडणार होते. स्वतः काही बोलले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या रुमालावर कप ठेवलेला त्यांना एकदा बघायचा होता. यंदा नाही तर कधीच नाही.

*

आमची शिल्पा सावंत पोरिरुआला नर्स आहे. आवाज असा की तिनं पेशंटला कानात सांगितलेलं शेजारच्या वॉर्डाला कळतं. तिनं पहिलं डिनेरियस घेतलं आणि मोठ्या ऐटीत मीटिंगला आणलं. पेटीतून काढलं तर काय, लखलखाट! बाकीची नाणी काळपट, राखाडी, आणि हे मात्र लग्नातल्या चांदीच्या वाटीसारखं.

कीथनी ते कडेला धरून उचललं. भिंगातून बघितलं. मग हळूच नाकाशी नेलं.

"पुदिना?" ते म्हणाले.

"टूथपेस्ट!" शिल्पा अभिमानानं म्हणाली. "दिवाळीत आम्ही देव असेच घासतो. बघा कसं निघालंय!"

खोलीतल्या प्रत्येकानं आपापलं नाणं तिच्यापासून लांब सरकवलं. जुन्या चांदीवर शतकानुशतकं जी काळी साय धरते ती म्हणजे नाण्याचं वय, ती कधी काढायची नसते, हे शिल्पाला कुणी सांगितलंच नव्हतं! कीथ बिचारे ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "हा बादशहा फार क्रूर होता. पण त्याच्या तोंडाला इतका चांगला वास कधीच आला नसेल."

दुसऱ्या महिन्यात कपाटावर पाटी लागली: "नाण्यावर जे आहे ते नाण्याचं. पुसायचं नाही." शिल्पा येणाऱ्या प्रत्येकाला ती पाटी दाखवून सांगते, "ही माझ्यामुळे लागली!"

*

शिल्पाचाच दुसरा किस्सा. एका नाण्यावर दोन हात एकमेकांत घट्ट धरलेले. आमचे परांजपे समजावून सांगत होते की, याचा अर्थ फौजेची बादशहावर पक्की निष्ठा. परांजपे म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर, भूकंपात इमारती पडू नयेत म्हणून त्यांना आडवेतिडवे लोखंडी टेकू देणारे. बोलतातही तसंच, प्रत्येक वाक्याला आधार देऊन.

"मग या बादशहाचं पुढे काय झालं?" शिल्पानं विचारलं.

परांजपेंनी चष्मा पुसला. "फौजेनं मारला."

"वाटलंच! आमच्याकडे 'टीमवर्क'चं नवं पोस्टर लागलं की आम्ही समजतो, कुणाचं तरी आता खरं नाही!"

*

परांजपेंना हसू नये, पण त्यांचं हे सांगायलाच हवं. एका मीटिंगमध्ये नाण्यांचा ट्रे टेबलावर मांडलेला असताना भूकंप झाला. वेलिंग्टनचा नेहमीचा, खिडक्या वाजवणारा. आम्ही सगळे शहाण्यासारखे टेबलाखाली गेलो. कीथसुद्धा गुडघे सांभाळत गेले. टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, घट्ट धरून बसायचं, हे ऑफिसा-ऑफिसातून लोकांना शिकवणारे परांजपे कुठे? तर वर! दोन्ही हात पसरून ट्रेवर ओणवे झालेले, अंड्यांवर कोंबडी बसावी तसे.

टेबलाखालून कीथचा आवाज आला, "मेट, ती दोन हजार वर्षं टिकलीत. तुझं काय?"

*

एका नाण्यावर हत्ती आहे, आणि दुसऱ्या बाजूला पुजाऱ्याची उपकरणं कोरलेली. त्यातलं एक लांब दांड्याचं, टोकाला खोलगट. कीथ अनेक वर्षं पाहुण्यांना सांगत आले होते की, याचं लॅटिन नाव अवघड आहे आणि काम कुणालाच नीटसं ठाऊक नाही. त्यांनी ते पडद्यावर मोठं करून दाखवलं, तेव्हा परांजपे, शिल्पा आणि मी, आम्ही तिघंही मराठी एकदम ओरडलो:

"पळी!"

परांजपे तर पुढच्या महिन्यात देवघरातली पळी-पंचपात्री घेऊनच आले. नाण्यावरची पळी आणि ही पळी शेजारी शेजारी ठेवली. दांड्याचा बाकसुद्धा तोच. सगळ्या क्लबानं टाळ्या वाजवल्या. यंदाच्या पेटीत ही ठेवायचीच, असं ठरलं. मग चहाची वेळ झाली आणि कीथनी, फार सहज, त्या पळीनं कपातली साखर ढवळली.

परांजपेंचा चेहरा पडला. मला म्हणाले, "आता ही शुद्ध करायला गोमूत्र कुठून आणू?"

"परांजपे," शिल्पा म्हणाली, "या देशात कसलाही दुष्काळ असेल, गाईंचा नाही!"

*

यंदा प्रदर्शनाचा विषय होता 'चांदीवरच्या देवता'. परांजपेंनी पेटीचा नकाशा काढला. मधोमध पंखवाली व्हिक्टरी, दोन्ही बाजूंना घोड्यावरचे जुळे भाऊ, सुकाणूवाली नशिबाची देवी, हत्ती आणि पळी, आणि शेवटी कोपऱ्यात माझी सालूस. तिच्याखालची चिठ्ठी मी लिहायची होती, म्हणून त्या आठवड्यात नाणं माझ्या घरी होतं.

आणि त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई, म्हणजे माई, घरी होत्या. माई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांचं माहेर शिराळ्याचं. तिथे नागपंचमी म्हणजे दिवाळीच्या वरचा सण. इथे येऊन त्यांना कॅलेंडरात श्रावण दिसत होता आणि खिडकीबाहेर हिवाळा, याचाच त्यांना राग होता.

"इथं वारूळ कुठंशी आहे गं?" त्यांनी विचारलं.

"माई, या देशात सापच नाहीत."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही. बाहेरून आणायलाही बंदी आहे."

माई आधी खूश झाल्या. म्हणाल्या, बरं झालं, अंगणात अंधारात जायला भीती नाही. मग जरा वेळानं, भाजी निवडता निवडता त्यांचा हात थांबला.

"मग पंचमीला इथली माणसं करतात तरी काय?"

त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. नाग म्हणजे त्यांच्या लेखी माहेरचा भाऊ. म्हणून गंमत म्हणून मी सालूसबाईचं नाणं काढलं आणि भिंगाखाली त्यांना दाखवलं. माईंनी बराच वेळ बघितलं. नाग, बाई, हातातली वाटी. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फणा बारीक आहे. पण दूध मात्र बरोबर पाजतेय."

मी हसले आणि विसरले. ही माझी चूक!

*

शुक्रवारी नागपंचमी, शनिवारी प्रदर्शन. संध्याकाळी फार्मसीतून घरी आले तर घरभर पुरणाचा वास. माईंनी त्या दिवशी काही चिरलं नव्हतं, काही तळलं नव्हतं, तवा ठेवला नव्हता, आणि उकडलेली दिंडं करून ठेवली होती. ओट्यावर पाट. पाटावर ताम्हन. ताम्हनात लॉनमधलं गवत दुर्वांच्या जागी, चुरमुरे लाह्यांच्या जागी, वाटीत दूध. आणि मधोमध, हळदीकुंकवानं माखलेली, दुधाचे शिंतोडे उडालेली, माझी सालूसबाई!

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी परांजपेंना फोन केला. ते येताना कीथनाही घेऊन आले.

"बुडालो!" परांजपे दारातूनच म्हणाले. "चांदीवर दूध! खाचांत कुंकू! माई, अहो उद्या सकाळी जज बघणार आहेत हे!"

"बघू देत की. सगळ्यांनी दर्शन घ्यावं," माई म्हणाल्या.

मी म्हणाले, शुद्ध पाण्यात भिजत ठेवू. परांजपे म्हणाले, दूध निघेल, पण कुंकू सापाच्या वेटोळ्यात बसलंय, ते घासल्याशिवाय निघणार नाही. माई म्हणाल्या, "उत्तरपूजा होईपर्यंत देवाला कुणी हात लावायचा नाही." परांजपे म्हणाले, मग हे नाणंच वगळू. मी म्हणाले, पेटीत भोक दिसेल. आम्ही तिघं एकदम बोलत होतो आणि कीथ तेवढ्यात माईंनी दिलेलं दिंड तुपाबरोबर शांतपणे खात होते. ते संपवून, हात धुऊन, भिंग घेऊन ते ताम्हनावर वाकले. मला माझी लाज वाटत होती. या माणसाचा शेवटचा चान्स आणि मी तो ओट्यावर ठेवून कामाला गेले होते.

"तिनं नेमकं काय केलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सापाला दूध दिलं, हळदकुंकू लावलं, आणि भावाला सुखी ठेव म्हणाल्या.

कीथनी भिंग खाली ठेवलं. मग परांजपेंकडे वळले. "आपला नियम काय?"

"नाण्यावर जे आहे ते नाण्याचं," परांजपे पुटपुटले.

"पुढे?"

"पुसायचं नाही. पण कीथ, तो नियम जुन्या..."

"कपाटात सगळ्या उपाशी देवी घेऊन मी आयुष्यभर बसलोय," कीथ म्हणाले. "हिच्या सापाला आज कुणीतरी दूध दिलं. हे मी पुसू? उद्या हिला अशीच मांडायची. कोपऱ्यात नाही. मधे."

"आणि व्हिक्टरी?"

"तिला कोपऱ्यात बसव. इतकी वर्षं मधे बसून तिनं काय दिवे लावले?"

माईंना इंग्रजी फारसं कळत नाही. पण हे सगळं त्यांना कळलं. त्यांनी कीथच्या ताटलीत आणखी एक दिंड वाढलं.

*

पोरिरुआच्या हॉलमध्ये सकाळपासून गर्दी. बाहेर आडवा पाऊस. रिकार्टनची पेटी इतकी सुंदर होती की आम्ही आमच्या पेटीकडे बघायचंच टाळलं. मखमल, दिवे, नकाशे. आमच्या पेटीत एक पळी, मोजकी डिनेरियस, आणि मधोमध पितळी ताम्हनात कुंकू लावलेली सालूस. उत्तरपूजेसाठी माई सकाळी सोबत आल्या होत्या, पण कीथनी त्यांना हात जोडून विनंती केली होती की, जज येईपर्यंत थांबा. म्हणून त्या नऊवारी आणि त्यावर माझा जाड कोट घालून पेटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

मुख्य जजबाई उंच, करारी. घोड्यावरच्या भावांकडे एक नजर. पळीपाशी जरा हसल्या. सालूसपाशी थांबल्या. भिंग काढलं. वाकल्या.

"हा लाल थर कसला?"

परांजपे छताकडे बघायला लागले. इंजिनिअर माणूस, कुणाला वाटावं छत तपासतोय.

"केव्हाचा आहे?" जजबाईंनी विचारलं.

"कालचा!" शिल्पाचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला. रिकार्टनची मंडळीसुद्धा वळून बघायला लागली.

"कालचा? कुणी लावला? आणि का?"

कीथनी माईंकडे हात केला. जजबाई त्यांच्यासमोर गेल्या. माई खुर्चीतून उठल्या, कोट सारखा केला, आणि शिराळ्याच्या कुणा ओळखीच्या बाईशी बोलावं तशा मराठीत म्हणाल्या, "अहो, सण होता. मग काय साप उपाशी ठेवायचा?"

शिल्पानं शब्दाला शब्द इंग्रजीत करून सांगितलं. जजबाईंनी भिंग मिटलं. माईंकडे बघितलं, पुन्हा नाण्याकडे बघितलं. काही लिहिलं नाही. निघून गेल्या. परांजपे माझ्या कानात म्हणाले, "संपलं."

दुपारी त्या स्टेजवर आल्या. म्हणाल्या, आज फार उत्तम चांदी बघितली. एकापेक्षा एक देवता. "पण त्या सगळ्या रिटायर्ड आहेत. या हॉलमध्ये एकच देवी मला अशी भेटली, जी अजून ड्यूटीवर आहे."

आणि त्यांनी जॉन्सनव्हिलचं नाव घेतलं!

पुढचं मला नीट आठवत नाही. शिल्पानं शिट्टी मारली, एवढं आठवतं. परांजपेंनी चक्क एका परक्या माणसाला मिठी मारली, तो रिकार्टनचा अध्यक्ष निघाला, आणि त्यानंही ती परत दिली. मी रडले. कीथ मात्र जागचे हलेनात. माईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून "जा की आता!" म्हटलं, तेव्हा कुठे ते जँडल्स फटफटवत स्टेजवर गेले.

*

घरी परतताना माईंनी हुकूम सोडला की कप थेट कपाटात जाणार नाही, आधी ओवाळायचं. आमच्या हॉलमध्ये पाट मांडला, कीथना पाटावर बसवलं, मांडीवर कप. माईंनी कपाला कुंकू लावलं, मग कीथच्या कपाळावर मोठं ठसठशीत बोट ओढलं, वर अक्षता चिकटवल्या. निरांजन फिरवताना कीथनी डोळे मिटले होते. 

मग त्यांना घरी सोडायला मी गाडी काढली. वाटेत ते म्हणाले, "डेअरीपाशी जरा थांबव." कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. कप गाडीत ठेवायला तयार होईनात, म्हणून तो काखेत घेऊनच उतरले. मीही मागोमाग गेले, मला कोथिंबीर हवी होती.

डेअरीवाला त्यांना कैक वर्षं ओळखतो. त्यानं वर बघितलं. पावसात भिजलेल्या जँडल्स. काखेत चांदीचा कप, कपाला कुंकू. कपाळावर कुंकू, भुवईत तांदूळ. आणि काउंटरवर दोन लिटर दूध.

"कीथ, ठीक आहेस ना? एवढं दूध कुणाला?"

कीथनी कप नीट काखेत घट्ट धरला, दुधाचा कॅन उचलला, आणि म्हणाले, "साप उपाशी ठेवायचा का, मेट?"